तेलाच्या डब्याचं शेपूट

पाटोद्याच्या स्टँडमागं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
वास एकच : वार्निश आणि करपलेली तार.
सोजर केकान आयटीआयचं पत्र घेऊन आली
तेव्हा म्हणालो, पोरी, बसायला स्टूल एकच हाय.
ती केबलच्या रिकाम्या रिळावर बसली.
सहा महिने तिथंच.

तिला वेढे मोजायला शिकवले,
म्हणजे आकडा तोंडात धरून ठेवायला.
कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.
ब्याण्णव, त्र्याण्णव,
चहावाला आला, चौऱ्याण्णव.
चुकलं की सगळं उलगडायचं.
ती एकदाच चुकली. तेही माझ्या खोकल्यामुळं.

मग एका दुपारी : गफूरचाचा,
आपणच फिरवली तर वीज देईल का ही?
देते, हे मला ठाऊक होतं.
तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

भंगारातून जीपचा हब आणला.
बारा चुंबकं. त्यातलं एक असं झेपावलं
की माझं नख महिनाभर काळं.
नऊ कॉइली, राळेत ओतून
जेवणाच्या ताटाएवढी चकती.
पाती लिंबाच्या लाकडाची.
सुतार म्हणाला, हा पंखा वारा घालणार का खाणार?
खाणार, सोजर म्हणाली.
शेपूट तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं.
त्यावरचं सूर्यफूल तिनं खरवडलं नाही.

डोंगरावर कंपनीच्या पवनचक्क्या आहेतच.
त्यांच्या सावल्या तीन शेतं ओलांडून जातात.
वीज कुठं जाते विचारलं
तर कुणी पूर्वेकडं हात करतं, कुणी पश्चिमेकडं.
केकान वस्तीवर मात्र
साडेसातला अंधार.

आषाढात आम्ही आमचं उभं केलं,
चार बाजूंनी चार ताण,
एकेका ताणाला एकेक चुलता.
दोन बल्ब. तीन मोबाईल.
त्या रात्री शेळी व्याली, आणि सोजरच्या आईनं
करडाचा पाय अडकलेला
पहिल्यांदा हातानं न चाचपता
डोळ्यांनी पाहिला.

वादळ आलं तर? मी विचारलं.
तिनं शेपटीचं बिजागर दाखवलं, तिरपं बसवलेलं.
वारा फार झाला की शेपूट दुमडतं,
पंखा तोंड फिरवून घेतो.
माझ्या भावाला असलं एक बिजागर असतं
तर आज बोलत असता माझ्याशी.

मुलाखत बीडला झाली.
अनुभव? तिनं पिशवीतून कॉइल काढून टेबलावर ठेवली.
उंचीची भीती?
पायऱ्या मोजायला लागले की वाटत नाही.
घरी आईनं वेगळंच विचारलं :
वर तुला कोण धरतं?
बेल्ट असतो.
बेल्ट कोण धरतं?
लोखंड, आई.
आई गप्प बसली. मग म्हणाली, लोखंडाला तेलपाणी कर बाई.

आता ती भूमकडच्या माळावर,
ऐंशी मीटर वर, हेल्मेट घालून.
वरून फोन करायला बंदी आहे,
म्हणून उतरून करते, धापा टाकत.
आपलं कसं हाय?
मी रविवारी जातो, ग्रीस भरतो, वहीत व्होल्ट लिहितो.
कार्तिकात तर नुसतंच उभं असतं,
सूर्यफूल दक्षिणेला करून,
वहीत शून्य, शून्य, शून्य.
शून्यपण लिहा चाचा, ती म्हणते.
लिहितो.

पहिल्या पगारात तिनं दुकानाला स्टूल घेतलं.
त्यावर नवा पोरगा बसतो, नावेद.
रोज चौऱ्याण्णवला चुकतो.
उलगड, मी म्हणतो,
आणि चहावाल्याला हातानंच थांबवतो.