शून्य कुठं धरलंय

निलोफर शिकलगार, मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीतली,
पेढ्यांचा बॉक्स माझ्या खातेवहीवर ठेवून म्हणाली,
बाळगोंडा काका, मला नर्सची नोकरी लागली, हॅम्बुर्गला.
तुम्हाला ते गाव माहीत आहे म्हणे.

माहीत?
बत्तीस वर्षं मी ते गोणीवर लिहिलंय, पोरी.
छापाचा पत्रा दाबून धरायचा,
काळ्या शाईचा कुंचला वरनं फिरवायचा,
पत्रा उचलला की खाली हॅम्बुर्ग.
हंगामात दिवसाला चारशे वेळा.
सांगलीच्या यार्डात माझ्याइतका तिथं
दुसरा कोण जाऊन आलाय?

तर ऐक.
बंदर आहे, पण समुद्रावर नाही. नदीवर.
समुद्र शंभर किलोमीटर लांब,
तरी दिवसातनं दोनदा भरती गावात येऊन जाते,
वसुलीच्या माणसासारखी.
गोदामं लाल विटांची, मजल्यावर मजले, पायाशी पाणी.
होडी भिंतीला लागते, वरच्या आकड्याला
पोतं लटकतं नि खिडकीतनं आत जातं.
आपण हळद जमिनीच्या पोटात घालायचो, हरिपूरच्या पेवात.
ते आभाळाकडं रचत गेले.

माणसं कडक.
एकदा ओलावा अर्धा टक्का जास्त निघाला
तर तीन पानी पत्र आलं, खाली सही हेर श्रोडर.
शिवी एक नाही.
मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

सकाळी भेटलं की मोइन म्हणायचं.
संध्याकाळी? मोइनच.
रविवारी दुकानं बंद, दूध शनिवारी आणून ठेव.
नदीच्या खालनं बोगदा आहे जुना,
माणसं, सायकली, सगळं लिफ्टनं खाली उतरवतात
आणि पलीकडं वर काढतात.

ती वहीत लिहून घेत होती.
माझं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं,
म्हणून मी थोडं जास्तच बोललो.
बोटीच्या एजंटानं चहा पिताना सांगितलेलं
मी डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगितलं.

सात महिन्यांनी फोन.
काका, तुमची गोदामं बघितली.
हळद नाही हो. वाससुद्धा नाही.
एकात गालिचे आहेत,
एकात खेळण्यातली रेल्वे, लोक तिकीट काढून बघतात.
मोइन बरोबर निघालं.
दुधाचं पण.

यार्डात ट्रक मागं घेत होता कुणीतरी, येऊ दे येऊ दे.
मी म्हटलं, आणि नदी?

मासळीबाजारापाशी एक खांब आहे, ती म्हणाली,
पुराच्या खुणा केल्यात. सगळ्यांना माहीत असलेली
बासष्ट सालची. पाच मीटर सत्तर.

मी लगेच फुटात केलं. सवय.
पावणेएकोणीस.
हसूच आलं मला. अगं, आयर्विन पुलाला एवढं पाणी म्हणजे
आमच्यात कुणी ताटावरनं उठत नाही.
चाळीसला आम्ही गाद्या माळ्यावर टाकतो.

काका, एका रात्रीत तीनशेवर माणसं गेली.
थंडीत. झोपेत.

ट्रक थांबला होता.
काय बोलावं सुचेना, तेव्हा कारकुनानं विचारावं ते विचारलं,
शून्य कुठं धरलंय त्यांनी?
म्हणजे?
म्हणजे मोजायला सुरुवात कुठनं? तळापासनं, का
समुद्रापासनं, का माणसाच्या उंबऱ्यापासनं?
थांबा, विचारून सांगते.

मागनं तिनं फोटो पाठवला.
अंगात जाड कोट, गळ्याला पंचा गुंडाळावा तसा मफलर,
हात वर करून उभी.
खूण बोटांच्या वरच.

आमच्या घरी एकोणीस सालची रेघ
कॅलेंडरच्या खिळ्याच्या वर चार बोटं आहे.
दोनदा रंग दिला, तिसऱ्या पावसाळ्यात परत दिसते.
रात्री कुणी बघत नाही असं बघून
मी तिथं हात वर करून उभा राहिलो.
माझीसुद्धा बोटं पोचली नाहीत.

शून्याचं तिनं अजून सांगितलं नाही.
रात्रपाळ्या असतात तिला.