प्रकरण

रविवार कारंजावरच्या आमच्या पतसंस्थेत
प्रकरण म्हणजे हिरवी फाईल :
दोन फोटो, दोन जामीनदार,
मंजूर, नाहीतर नामंजूर.

सराफ बाजारात मात्र
माझं नि कुलथ्यांचं 'प्रकरण' आहे म्हणतात.
आई भानगड म्हणते, दार लोटून घेऊन.
भाचा म्हणतो, "मावशी, सेटिंग भारीये!"
कुलथे स्वतः काहीच म्हणत नाहीत.
होळकर पुलावरून जाताना
गाड्यांच्या बाजूला तेवढे होतात.

आज त्यांच्या कर्जाला मी जामीन राहिले.
रकाना आला : अर्जदाराशी नातं.
'ओळखीचे' लिहिलं. खोडलं.
खोडल्याजागी नियमाप्रमाणे सही केली.
साहेब म्हणाले, रिकामं चालत नाही, बाई,
काहीतरी लिहा.

लिहिलं :
आहे.