वृषपर्व्याची धूळ

सहा रात्री. ऑक्टोबरात दोन, नोव्हेंबरात एकही नाही,
डिसेंबरात पहाटेचे तीन तास, मग थेट जानेवारी.
रेयडरचं आभाळ उघडतं ते उधारी फेडल्यासारखं,
थोडं थोडं, तोंड पाडून.
एकूण अकरा तासांचा उजेड
पाच-पाच मिनिटांच्या एकशे बत्तीस पुड्या बांधून
हार्डडिस्कमध्ये ठेवलाय.

पहिली पुडी उघडली. काळी.
दुसरीही काळी. चार चांदण्या, आणि कुणाचा तरी उपग्रह
ओरखडा काढून गेलेला.
"आधी काळंच असतं," इड्वल म्हणाला,
"उजेड आत आहे, तळाशी, दाटीवाटीनं बसलेला."
एकतीस वर्षं तो एलानच्या धरणांवर
पाण्याची पातळी मोजत होता.
अंधारही, त्याच्या मते, त्याच पट्टीनं मोजतात.

त्यानं सांगितलं, झाकण लावून फोटो काढ.
हो, झाकण लावूनच. शेडमधल्या थंडीत तीस फोटो,
कशाचेच नाहीत असे.
मग कळेल, कॅमेरा स्वतःच्या मनानं काय काय रचतो.
तेवढं वजा कर.
मग दुर्बिणीच्या तोंडावर नवऱ्याचा धुतलेला बनियन ताणून
पहाटेच्या कोऱ्या आभाळाचे फोटो,
म्हणजे काचेवरची धूळ कळेल.
ती वजा नाही करायची. तिनं भागायचं.
मला हसू आलं. चौथीचं गणित,
पन्नाशीत, रात्री दोनला, पायात दोन-दोन मोजे.

दिवसा मी लँड्रिंडॉडला सोनोग्राफी करते.
करड्या दाण्यांतून आकार ओळखणं
हे माझं अगदी पोटापाण्याचं काम.
नसलेलं दिसू लागलं की हात थांबवायचा,
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
तरी कर्व्ह वर खेचताना
हात थांबला नाही.

वृषपर्वा, शर्मिष्ठेचा बाप.
इथे त्याला दुसऱ्याच राजाचं नाव आहे.
त्याच्या राज्यात एक निळं फूल, धूसर, बोटभर.
ते मी आणखी निळं केलं. आणखी.
मोरचुदाच्या खड्यासारखं झालं तेव्हा थांबले.
भोवतीचा तपकिरी मळ पुसला,
सगळं कसं सारवल्यासारखं गुळगुळीत.
शरयूला पाठवलं. तिनं विचारलं,
देवघराच्या भिंतीला लावायला मोठी प्रिंट मिळेल का?

इड्वलनं पडद्याला नाक लावलं.
मग मान वळवली खिडकीकडे,
कोंबडी दाणा बघते तशी, डोळ्याच्या टोकानं.
"मधलं मला दिसत नाही," म्हणाला.
"दोन वर्षं झाली. बघतो तिथे डाग.
मेगन मला हल्ली कानापासून दिसते.
कडा तेवढ्या राहिल्यात.
पण इथे कडेला धूळ होती ना? गेली कुठे?"

पुसली, असं म्हणता येईना.
म्हटलं, चहा टाकते.
किटलीसमोर उभी राहिले आणि तेव्हा लक्षात आलं,
ते फूल स्वतः पेटलेलं नाहीच.
मधल्या एका ताऱ्याचा उजेड
त्याच धुळीवर आपटून परततो, तो निळा.
तेराशे वर्षं चालत माझ्या शेडपर्यंत आला
आणि मी त्याच्या पायांना लागलेली माती
उंबऱ्यावरच झटकून टाकली.

पुन्हा पहिल्या पुडीपासून बसले.
या वेळी कर्व्ह केसाएवढा.
तिसऱ्या रात्री गाळ वर आला,
आधी वाटलं डोळे थकलेत,
मग चहाच्या डागासारखा एक ओघळ, त्याला फाटे,
आणि सगळ्यावर रवाळ दाणे. ते राहू दिले.
शरयू म्हणाली, आधीचं छान होतं गं, हे गढूळ वाटतंय.

इड्वलनं मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं.
बोटानं हवेत तो ओघळ गिरवला,
फाट्यापाशी चुकला नाही.
"आणि मधे?"
"निळं आहे."
"पहिल्यापेक्षा कमी?"
"बरंच कमी."
"मग असेल तसंच," म्हणाला,
आणि टोपी शोधू लागला,
जी त्याच्या समोरच, टेबलाच्या मध्यभागी होती.