तक्ता क्रमांक तीन

इशबेल फर्क्वारसनचा निबंध छापून आला,
अकरा पानं. ॲबर्डीनमध्ये त्या दिवशी
समुद्राचं धुकं थेट प्रयोगशाळेच्या काचेला.

निबंध म्हणतो: खाण्यात चरबी वाढली
की आतडं आपल्यापुरती भांग घोटतं,
मग पोट भरलं तरी
तोंड काही नाही म्हणत नाही.

बत्तीस उंदीर, चौदा आठवडे.
वजनं मी घेतली, पहाटे, लाल दिव्यात.
माझं नाव शेवटी, आभारांत,
एक अक्षर चुकलेलं.

सतरा नंबरचा तक्त्यात नाही.
औषधाची पाळी यायच्या आधीच
त्याचं खाणं सुटलं होतं.
लोण्याच्या गोळीकडे नुसता बघत बसायचा,
ट्रॉलर विकल्यापासून माझे वडील
माशाच्या सुपाकडे बघतात तसा.

इशबेलनं पेन्सिलीनं लिहिलं, वगळला.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.

रविवारी तिनं डबा पाठवला वडिलांसाठी:
धुरावलेला हॅडक, बटाटे, वर साय.

सोमवारी परत दिला तेव्हा
किती गेलं पोटात, विचारलं नाही तिनं.
झाकण न उघडता
हातावर जरा तोलून पाहिला,
आणि पिशवीत ठेवला.