दिलावरकुमारचा कोपर

सूरच्या खाडीला ओहोटी लागली की
यार्डातून वास वर येतो
सागाच्या भुशाचा, मुशीच्या तेलाचा,
आणि गुरुवारी रात्री गौस परकार
दोन बांबूंमध्ये जुनं शीड ताणतो.
आज दिलावरकुमार.

जहाज प्लायवुडचं आहे.
कोयाक्कानं पहिल्याच दृश्यात सांगून टाकलं :
नांगर टाकला तरी दोर ढिलाच,
हे गलबत फरशीवर उभं आहे.
असू दे.
राजकन्या तळघरात, एकडोळ्या सरदार दारूवर,
आणि दिलावरकुमार तेव्हा बावन्नचा.
कल्ल्यांना काजळ, पोटावर आवळलेला पट्टा.
जिना चढून आला की संवादाआधी
एक श्वास जास्त घेतो.
कुणाच्या लक्षात येत नाही.
माझ्या येतं. मीही शिडीवर अर्ध्यात थांबून
खिशात खिळे शोधायचं नाटक करतो.

मग दातांत कट्यार, हातात दोर,
या गलबतावरून त्या गलबतावर
झोकून देतो अंग.
शिडाच्या ठिगळावरून जाताना तो जरा वाकडा होतो,
पोरं शिट्ट्या मारतात.
मागं घे गौस, मी म्हणतो.
ती मान बघा. उडी मारणारी मान
पंचविशीतली आहे, ताठ, काळीभोर.
उतरल्यावर पुन्हा हा,
केस विस्कटलेले,
तेही कुणीतरी कंगव्यानं विस्कटून दिलेले.

डमी, डमी, पोरं ओरडतात.
कानजी सगळ्यात मोठ्यानं.
मांडवीचा कानजी, वय बावीस,
जो गेल्या हंगामापासून
माझ्याऐवजी डोलकाठीवर चढतो.
मी खालून सांगतो, डावीकडे, अजून, बस.
मालक लांबून बघतो आणि माझी पाठ थोपटतो.
जैनबला फोनवर मी म्हणतो,
आज डोलकाठी उभी केली.
ती म्हणते, जपून रे.
व्हिसाच्या फोटोसाठी मिशी काळी केली
ते तिला सांगितलेलं नाही.

शेवटची लढाई मात्र खरी आहे.
दोन म्हातारे, दोन तलवारी,
ओल्या फळ्यांवर.
तलवारी एकमेकींना लागतात
त्या जेवणाच्या ताटांसारख्या वाजतात.
दिलावरकुमारचा पाय घसरतो,
लिहिलेलं नसावं ते,
आणि सरदार, ज्यानं त्याचा बाप मारलाय,
त्याचा कोपर पकडतो.
एक क्षण. सावरतो. सोडतो.
मग पुन्हा दात खाऊन वार.

कुणी कापलं नाही ते.
फिल्म संपत आली असेल,
किंवा कापणारा माणूसही वयस्कर असेल.

पोरं बिडी ओढायला उठली.
राजकन्या सुटली, जहाज पेटलं,
पेटलेलं जहाज आमच्या शिडावर
हवेनं फुगत राहिलं.
कोयाक्का पेंगत होता.
गौस, मी म्हटलं,
ते कोपराचं तेवढं परत लाव.

कानजी माझ्या शेजारी येऊन बसला.
हसला नाही.