सहा दहाची फेरी

अ‍ॅप बाबांना नावं ठेवत नाही.
क्रमांक देतं: सत्तेचाळीस.
संमतीपत्र मी मोठ्याने वाचलं, चौदा पानं.
बाबांनी मध्येच विचारलं, "हे सगळं फुकट?"
आणि बोटाने सही केली.
रोहिदासमधला 'स'
स्क्रीनच्या कडेपर्यंत वाहत गेला.

मग रोज दोनदा परीक्षा.
दोन बोटांनी आळीपाळीने ठोके द्या, तीस सेकंद.
दम संपेपर्यंत 'आ' म्हणा.
फोन खिशात ठेवून वीस पावलं चाला, वळा, परत या.
आमच्या घरात सरळ वीस पावलं नाहीत,
म्हणून ते न्हाणीपासून तुळशीपर्यंत जातात
आणि वळताना माडाला हात लावतात.
अ‍ॅपला माड दिसत नाही.
हिरवी खूण येते, खाली 'छान!'
बाबा म्हणतात, शाळेत असं कुणी म्हटलं नव्हतं.
'आ' तर ते असा लावतात
की आर्सेनियोचा कुत्रा कुंपणापलीकडून उत्तर देतो.

तिसऱ्या महिन्यात बांबोळीच्या इस्पितळातून फोन.
ग्लेनिस, कंपवाताच्या अभ्यासातली, आवाज कोवळा:
"सत्तेचाळीसच्या आकड्यांत काहीतरी आहे, ताई.
रोज सकाळी सहा दहा ते सहा पन्नास
वेगळाच कंप येतो. हाताचा नाही वाटत.
अख्ख्या अंगाचा. आणि मध्ये एक धक्का, शेवटी एक.
गोळी कितीला देता?"
आठला, मी म्हटलं. सहाला ते झोपलेले असतात.
ती जरा थांबली.
"नाही ताई. झोपलेले नसतात."

दुसऱ्या पहाटे मी डोळे मिटून पडून राहिले.
ज्या हाताला शर्टाचं एक बटण दहा मिनिटं पुरतं
त्याने कडी अशी काढली
की मांजरही हललं नाही.
मी मागोमाग, चपला हातात घेऊन.

माडेलच्या धक्क्याला फेरी लागलेली.
एकतीस वर्षं त्यांनी इथल्या दोराशी संसार केला,
फेकायचा, अडकवायचा, सोडायचा,
चोडण, रायबंदर, चोडण.
आता दोर एका पोराकडे, कानात इअरफोन,
आणि बाबा रॅम्पच्या डाव्या बाजूला, जुन्या जागेवर.
मी एका टेम्पोआड.

इंजिन सुरू झालं.
पत्रा थरथरायला लागला,
स्कूटरींचे आरसे, आरशांतली खारफुटी,
पाटीतले बांगडे, कुणाच्या तरी डब्याचं झाकण.
बाबांनी उजवा हात खिशातून काढला
आणि कठड्यावर ठेवला, सगळ्यांसमोर.
पावांची पिशवी घेतलेला एक माणूस
त्यांच्याशी बराच वेळ बोलत होता.
त्याला काही दिसलं नाही.
खरं तर मलाही
कठडा कुठला आणि हात कुठला, कळेना.

रायबंदरला ते उतरले नाहीत. मीही नाही.
टेम्पो मात्र उतरला.

मला पाहून हात खिशाकडे गेला.
अर्ध्यावरून परत आला.
"उदक सगळ्यांकूच हालयता गो,"
एवढंच म्हणाले, आणि पोराकडे बघत पुटपुटले,
गाठ चुकतो, रोज चुकतो.

ग्लेनिसला मी सांगितलं.
ती हसली नाही, म्हणून मला आवडली.
म्हणाली, तेवढा वेळ काढून टाकावा लागेल,
आमच्याकडे त्याला गोंगाट म्हणतात.
म्हणाली, जमलं तर सकाळी फोन घरी राहू दे.

आता सहा दहाला फोन
बाबांच्या उशीपाशी असतो, चार्जिंगला लावलेला.
तिकडे आलेखावर एक रेष
सरळ, न थरथरता
चाळीस मिनिटं जाते.
नोंद होते, की सत्तेचाळीस
शांत झोपले आहेत.