दुसरं कडवं

उथळसरला टायरवाल्याच्या मागे आमची शेड.
खिळ्यांना सात लाल कोट, त्यातल्या एकाची बाही वेगळ्या लालाची,
आणि खोक्यात क्लॅरिनेट, माझ्या बापाचं,
खालची चावी रबर लावून बसवलेली.

हळदीची ती चाल सगळ्यांनाच हवी असते.
कोपरीत, माजिवड्यात, घोडबंदरच्या टॉवरांतसुद्धा.
नाव कुणालाच येत नाही.
"मास्तर, ती घ्या की, आपली," म्हणतात,
आणि हवेत हात हलवून दाखवतात : टाना, टानाना.
ऑर्डरच्या वहीत मी तिला नुसतं 'जुनी' लिहितो.

प्रणालीनं, माझ्या पुतणीनं, गेल्या दिवाळीत
आटपाडीच्या आत्तीला मोबाइलसमोर बसवलं
आणि शब्द काढून घेतले.
पहिलं कडवं आंब्याच्या डहाळीचं, काकणांचं.
दुसरं असं :

वाजंत्री उभा करा उकिरड्याच्या कडंला
सावली त्याची नको ग माझ्या नवरीच्या हळदीला

आत्ती म्हणून गेली. मग म्हणाली,
"असलंच असायचं बाई तवा. च्या टाक."

प्रणाली म्हणाली, काका, बंद करा ही.
मी म्हणालो, आपण कुठं शब्द वाजवतो?
क्लॅरिनेटला तोंड असतं, जीभ नसते.
ती म्हणाली, जीभ तुमचीच लागते की रीडला.
यावर मला काही सुचलं नाही.
मी नळीतली थुंकी झटकत बसलो.

रात्री झोप लागेना.
नवरी त्यांची, अंगण त्यांचं,
शब्द ओसरीवर हळद दळता दळता जुळवलेले, तेही त्यांचेच.
पण चाल वर चढते आणि उतरताना किंचित अडखळते ना,
ते सनईचं वळण आहे,
दम संपत आलेल्या माणसाचं.
उकिरड्याच्या कडेला उभं राहून कुणीतरी ते पहिल्यांदा फुंकलं असणार.
माझा आजा असेल. त्याचा आजा असेल.
चाल टाकली तर त्यालाही टाकल्यासारखं.
वाजवली तर
त्याला पुन्हा तिथंच नेऊन उभं केल्यासारखं.

हसमतभाई ढोलाच्या दोऱ्या ताणत म्हणाला,
सुपारी घेतलीयस ना? आधी वाजव, मग रड.

वैशाखात कोलशेतच्या एका लॉनवर हळद होती.
पावणेदहा झालेले, दहाला सगळं बंद करायचं,
म्हणून पोरं घाईघाईनं नाचत होती.
पहिलं कडवं वाजवून झालं.
दुसऱ्याच्या तोंडाशी मी हात वर केला.
ठरवलं नव्हतं.
ट्रंपेट तुटला, हसमतची काठी हवेत राहिली.

मला वाटलं होतं, आता शांतता पडेल.
पडली नाही.
मागच्या खुर्च्यांतून एका म्हातारीचा आवाज येत होता,
बारीक, अगदी सुरात, डोळे मिटून,
आणि त्यात शब्द होते.
किती लग्नांत आमच्या पितळेखाली ती हे म्हणत आली असेल,
कुणाला काय ऐकू येणार!
आज आलं. केटररच्या पोरांना आलं, फोटोवाल्याला आलं.
'कडंला'पाशी ते तिचं तिलाही ऐकू गेलं असावं.
तिनं डोळे उघडले.
माझ्या कोटाकडं पाहिलं.
पदर तोंडाला गेला.

कुणीतरी ओरडलं, "काय मास्तर, सेल संपले का? वाजवा!"
दोघं-तिघं हसलेही.
पण पाटावरच्या पोरीनं, गालावर ओली हळद तशीच ठेवून,
मान वळवून विचारलं,
"आजी, पुढं काय आहे?"

आजी बोलेना.

पुढचं मला येत होतं.
रीड वाळत चालली होती.
मी ती ओठांत धरली,
ओली होईस्तोवर.